यारोस्लावल जिंकणार

साउथहॅम्प्टन
११ मे १९९७

प्रिय शिल्पा,

पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर हे मला बोलता आलं नसतं. तूही 'आई, मीटिंग आहे, गॉट टू गो' म्हणून सुटली असतीस, आणि खरं सांगायचं तर तुला ती सवय मीच लावली. रशियाहून, यारोस्लावलहून, वादिमचं पत्र आलंय. चार दिवस ते किचनमध्ये केटलपाशी पडून आहे. त्याला उत्तर द्यायलाच हवं आणि मला ते जमत नाहीये.

जयंत पंधरा वर्षांचा असताना शाळेने मिळवून दिलेला पत्रमित्र, तोच हा वादिम. नऊ वर्षांत दोघांनी आइस हॉकीखेरीज दुसऱ्या कशावर लिहिलं असेल तर शपथ. वादिमने पुढच्या महिन्याच्या सामन्यांची यादी पाठवायची, कोण जिंकणार ते जयंतने टाइप करून कळवायचं, आणि सीझन संपला की हरलेल्याने चॉकलेटचा डबा धाडायचा. दर वर्षी डबा आपल्याच घरून जायचा! हा मुलगा दर वेळी हरतो कसा, याचं आपल्याला नवल. 'माझं गेसिंग होपलेस आहे, आई,' असं म्हणून हसत सुटायचा.

गेल्या सप्टेंबरात नव्या सीझनची यादी आली. पाकिटावर जयंतचं नाव. मी त्याच्या खोलीत गेले, कॉम्प्युटर लावला आणि त्याच्या नावाने उत्तर टाइप केलं. एकदाच, असं ठरवून. सही मात्र शिकावी लागली. त्याच्या लायब्ररी कार्डावरून ती गिरवली, लहानपणी त्याचा हात धरून 'श्री' गिरवून घेतला होता तशी. त्याचा हात माझ्या हातात होता की माझा त्याच्या, मला सांगता यायचं नाही.

मग दर महिन्याला लिहीत गेले. मी डॉक्टर बाई, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण त्या खोलीत लिहायला बसलं की जिन्याखालच्या त्याच्या हॉकीच्या किटबॅगचा ओला वास वर यायचा. बॅग कोरडीफटक असताना! फेब्रुवारीत एका दुपारी बर्फावर स्केट घासल्याचा आवाज आला, करकरीत, दोनदा, अगदी माझ्या पाठीशी. मी वळून पाहिलं नाही. वळले तर जाईल, असं वाटलं. भीती मला त्या आवाजाची नव्हती गं, सही करून पेन खाली ठेवायची होती.

हॉकीतलं मला ओ की ठो कळत नाही. नावं बघून अंदाज ठोकून द्यायचे. नियम एकच पाळला, वादिमच्या गावची टीम, टॉर्पेडो यारोस्लावल, प्रत्येक सामना जिंकणार. ज्याच्या घरी पत्र जायचं, त्यालाच 'तू हरणार' कसं लिहायचं? शुभ बोल नाऱ्या! आणि गंमत म्हणजे ते जिंकतच गेले.

या पत्राच्या पहिल्याच ओळीत वादिमने लिहिलंय की ते देशाचे चॅम्पियन झाले. पुढचं मी तुला मराठीत सांगते. 'जयंतने नऊ वर्षांत एकदाही माझ्या टीमला जिंकू दिलं नाही. मला चिडवायला दर वेळी "यारोस्लावल हरणार" लिहायचा आणि त्यापायी चॉकलेट हरायचा. सप्टेंबरमध्ये तुम्ही आम्हाला सगळेच सामने दिलेत, तेव्हा कळलं की हा तो नव्हे. इतकं चांगलं आईच चिंतते. विचारायचा धीर झाला नाही. तुम्हाला यादी हवी आहे असं वाटलं, म्हणून पाठवत राहिलो. आता सीझन संपला. जयंत कुठे आहे?'

शिल्पा, तसली बातमी मी हॉस्पिटलमध्ये लोकांना जवळजवळ दर आठवड्याला सांगते. समोर बसून, स्पष्ट शब्दांत. ज्युनिअर डॉक्टरांना बजावते, आडवळण घेऊ नका, नातेवाईक आशेवर लोंबकळत राहतात. आणि घरात? ख्रिसमसच्या सुट्टीत तू 'जयंत गेल्यापासून' एवढंच म्हणालीस, तर मी उठून नळ मोठा सोडला, पुढचं ऐकू येऊ नये म्हणून. तू संध्याकाळच्या ट्रेनने रीडिंगला तुझ्या घरी परत गेलीस, ती अजून आलेली नाहीस. तुझा भाऊ होता, आणि मी तुला रडूसुद्धा दिलं नाही. चुकलं माझं. वादिमला इंग्रजीत लिहायच्या आधी ते वाक्य मला आपल्या भाषेत, तुला लिहायचं होतं. गेल्या वर्षी वीस जुलैला, मोटरवेवरच्या अपघातात, आपला जयंत गेला. लिहिलं बघ. शनिवारी घरी ये. वादिमला आपण दोघी मिळून कळवू, चॉकलेटचा डबाही पाठवू. सही मी माझ्या नावाची करीन.

तुझीच,
आई