परतीचा आवाज

सोमवार, ३ मार्च

बायकोनं पांढरा शर्ट आणून कपाटाच्या दाराला लटकवला. बाप्तिस्म्याचा! सोळा तारखेला सगळ्या मंडळीसमोर मी पाण्यात उतरायचं आणि म्हणायचं— येशू माझा वैयक्तिक तारणारा आहे.

इतकी वर्षं तिच्याबरोबर चर्चला जातोय, पण माझी हद्द मागच्या बाकापर्यंत, साउंडच्या टेबलापाशी. माईक माझे, स्पीकर माझे, भाडं माफ. एका जुन्या भोंग्यावर धंदा सुरू केला, आज स्वतःचं गोदाम आहे. पण हातात नसलेला माल 'आहे' म्हणून कधी कुणाला सांगितला नाही. आता सुरुवात देवापासून करू?

शर्ट मात्र मापात आहे. बायको मापात चुकत नाही.

मंगळवार, ४ मार्च

चर्चच्या पाळकांकडे बाप्तिस्म्याची शिकवणी. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण बोलण्यात शंका औषधालाही नाही.

"मित्राशी बोलता तसं बोला. अरे-तुरे करा. तो ऐकतो."

"ऐकतो हे ठीक. बोलतो कधी?"

"सतत बोलतो! आपल्याला कान हवेत."

मला कान हवेत! भरल्या हॉलमध्ये कुठला स्पीकर खरखरतोय ते मी दारातून सांगतो. बायकोनं भांडं कसं आपटलं त्यावरून माझा गुन्हा ओळखतो. आणि एका बाजूनंच चालणाऱ्या लाइनला आमच्या धंद्यात बिघाड म्हणतात, साक्षात्कार नाही.

गुरुवार, ६ मार्च

प्रार्थना केली. म्हणजे खुर्चीत ताठ बसून म्हणालो, "आपण असाल तर कृपया कळवावे." बायको दारातून— "अहो, लाइट गेल्याची तक्रार देताय का?"

उत्तर नाही. लाइटवाले निदान 'माणूस पाठवतो' तरी म्हणतात.

शनिवार, ८ मार्च

मेव्हणीचा फोन. "येशूनं मला सांगितलं, भाऊजींचं मन मऊ होतंय!" माझ्या मनाची बातमी आधी मेव्हणीला!

रविवार, ९ मार्च

उपासना संपली. मंडळी अंगणात चहाला. मी हॉलचे नि अंगणातले स्पीकर बंद केले, हेडफोन कानावरच होते. पाळक कॉलर माईक तसाच लावून मागच्या खोलीत गेलेले. दार लागलं. खुर्ची सरकली. मग—

"प्रभू, आहेस ना? वर्ष होत आलं रे. रोज बोलतोय मी. एकदा तरी हूं म्हण."

मग रडणं. मोठ्या माणसाचं, तोंडावर हात दाबलेलं.

खोटं कशाला लिहू— पहिला विचार आला, सापडला! 'सतत बोलतो' म्हणे! अंगणातल्या स्पीकरचं बटण बोटाखालीच होतं. एवढंसं वर सरकवलं असतं, तर सगळ्यांचा चहा गार झाला असता.

कॉलर माईकची लाइन बंद केली. हेडफोन काढले.

घरी जेवण गेलं नाही. "काय झालं?" बायकोनं विचारलं. "वायर जळली," म्हटलं.

मंगळवार, ११ मार्च

पाळकांना गाठलं. "साहेब, कॉलर माईक काढत जा."

चेहरा पांढरा पडला. "कोणी कोणी ऐकलं?"

"मी. एकट्यानं."

त्यांनी टेबलावरचा कप फिरवला. "म्हणजे आता बाप्तिस्मा नको म्हणाल."

"तेच सांगायला आलो. तुमच्याशी तो बोलत नाही, तिथं मी कोण लागून गेलो? पण मग दर रविवारी उभं राहून सांगता कशाला?"

"कारण पूर्वी ऐकू यायचं."

चप्पल पायात सरकवली. निघालो, तर मागून— "हे कुणाला सांगणार?"

"बायकोलासुद्धा नाही."

"मग येशूलाच सांगा." हसल्यासारखं केलं. "माझं तर ऐकत नाहीये तो."

विनोद बरा होता. हसू आलं नाही.

बुधवार, १२ मार्च

बायकोला म्हटलं, बाप्तिस्मा पुढे ढकलू. "बरं," म्हणाली. भांडं आपटलं नाही. हे वाईट.

शुक्रवार, १४ मार्च

गोदामाचं शटर वर करता करता तोंडातून निघून गेलं— "त्या पाळक पोराचं तेवढं बघ रे. किती ताणशील?" कुलूप खिशात टाकलं आणि थबकलो. आसपास चिटपाखरू नाही. कालही म्हणालो होतो, गाडीत. परवाही. उत्तर आलं का? नाही. पण उत्तराकडे कान द्यायचंच राहून गेलं होतं.

घरी येऊन विचारलं, "तो पांढरा शर्ट कुठे ठेवलास?"

"कपाटालाच आहे," बायको म्हणाली. "मी कुठे काढला होता?"