चार मुठी मीठ

आत्या,

परवाच्या गुरुवारी मिरची-लिंबाचं लोणचं घातलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण लोणचं घालताना मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडले नाही असं एकही वर्ष गेलं नाही. यंदा लेक शेजारी उभी होती. मागच्या वर्षीच्या बरणीतली फोड तोंडात टाकून ती म्हणाली, "आई, अगदी आजीच्या हातची चव आहे गं." मी हूं म्हटलं आणि नव्या बरणीच्या तोंडाला फडकं बांधत बसले. तेव्हापासून काही सुचत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं आहे.

लग्न होऊन मोशीला आले तेव्हा भाजी हातगाडीवर मिळते एवढंच मला ठाऊक होतं. वडील लातूरकडून भोसरीला कंपनीत आलेले, आम्ही वाढलो भाड्याच्या दोन खोल्यांत. तुमची जमीन रस्त्यात आणि गोडाउनात गेली होती. घरामागं उरला होता अर्धा गुंठा, पण त्यात तुम्ही अख्खं वर्ष बसवलं होतं. कुंपणाला कारली आणि घेवडा, मधे वांगी, मिरच्या, गवार, मोरीचं पाणी जातं तिथं अळू आणि कोपऱ्यात ते काटेरी लिंबाचं झाड. पहिल्या दिवशी मी तुम्हाला आई म्हणायला गेले तर तुम्ही म्हणालात, "आई तुझी तिकडं हाय. मला आत्या म्हण." मला ते लागलंच. आपल्या लेकाची आई व्हायला हिला चालतं, माझी का नाही, असं काहीबाही मनात आलं. तुमच्याकडची रीतच तशी, हे मला दोन महिन्यांनी शेजारणीकडून कळलं.

चाकणच्या कंपनीत मी तेव्हाही क्वालिटीतच होते. गिअरचे पार्ट मोजायचे, केसाएवढा फरक दिसला तरी बाजूला काढायचे. ऑफिसात माझ्या शब्दाला वजन होतं, घरी मला गवारसुद्धा वाळवता येत नव्हती. पहिल्याच उन्हाळ्यात तुम्ही लग्नाला गेलात आणि मी हौसेनं टोपलीभर कोवळी गवार खुडून तशीच गच्चीवर पसरली. मिठाच्या पाण्यात उकळी द्यायची असते हे मला कुणी सांगितलं होतं? चार दिवसांनी तुम्ही परत आलात, एक शेंग उचललीत, कानाशी नेऊन मोडलीत आणि म्हणालात, "ह्या शेंगा हायेत का तारा? जा, कंपनीत घिऊन जा, कायतरी बांधायला व्हतील." मी आत जाऊन रडले. पण पावसाळ्यात त्याच तारा तुम्ही रात्रभर भिजत घातल्यात, दोनदा शिजवल्यात आणि दाण्याचं कूट लावून भाजी केलीत. यांनी दोनदा मागून घेतली. ती माझी गवार आहे हे तुम्ही त्यांना जेवण संपल्यावर सांगितलंत.

हळूहळू शिकले मी. मेथी सावलीत वाळवायची, उन्हात तिचा रंग उडतो. कोहळ्याच्या सांडग्यांना थंडीतलं ऊन पुरत नाही, ते उन्हाळ्यातच घालायचे. वांग्याच्या फोडींवर वाऱ्यानं रस्त्याची धूळ बसते, म्हणून जुनं पातळ आधी ओलं करून घट्ट पिळून मग वरून झाकायचं. सगळ्याला तुम्ही मला हात लावू दिलात. फक्त लोणच्याच्या मिठाला नाही. मिरच्या पुसायला मी, देठ काढायला मी, लिंबं चिरायला मी, आणि मीठ घालायची वेळ आली की तुम्ही माझ्या हातातली परात ओढून घ्यायचात. "नगं, मिठाला हात नगं लावू. मीठ एकाच हाताचं असतंय." दीड किलो मिरच्या-लिंबांना तुमच्या चार मुठी. गंमत म्हणजे लोणचं तुम्ही गुरुवारीच घालायचात, कारण त्या दिवशी मला कंपनीची सुट्टी. मी समोर तर हवी, पण हात मागं हवेत.

मग मी एक आगळीक केली. स्वयंपाकाचा छोटा इलेक्ट्रिक काटा आणला, त्यावर परात ठेवली आणि काटा दिसू नये म्हणून भोवती फडकं गुंडाळलं. तुम्ही मूठ टाकलीत की मी हळूच वाकून आकडा वाचायचा, असा बेत. पहिल्याच मुठीला तुम्ही मला पकडलंत. एवढा राग मी तुमचा कधी पाहिला नाही. "माझ्या हाताचं माप घ्येतीस व्हय? मी काय तुझ्या मशिनीवरचा माल हाय?" मी म्हटलं, "शिकायचंय आत्या, म्हणून." तुम्ही परात उचलून ओसरीत नेलीत आणि पाठ करून लोणचं घातलंत. आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. ताटात वाढायचात मात्र जास्तच.

पुढच्या वर्षी लिंबं चिरून झाली आणि तुम्ही म्हणालात, "कुठं हाय तुझा काटा? आण." मी सुरी पुसत उभी राहिले. "आण म्हंते ना. मी मेल्यावर माझा हात कुठं हुडकत बसशील?" मी काटा मांडला. पहिली मूठ साठ ग्रॅम. दुसरी एकोणसाठ. तिसरी साठ, चौथी पुन्हा साठ. आमच्याकडच्या लाखमोलाच्या मशिनी सोमवारी एक आणि शनिवारी एक दाखवतात, आणि इथं शाळेची पायरी न चढलेली बाई मुठीमागून मूठ तीच टाकते. तुम्ही पदराला हात पुसत विचारलंत, "पास का?" मी म्हटलं, "पास, आत्या." तुम्ही अशा हसलात की पुढचे दात नसल्याचंही विसरलात. मी तुमच्यावर जीव टाकायला लागले ती त्या दुपारपासून, हे आज सरळ लिहून टाकते. काट्यावर मोजायचं ठरलं तरी मूठ तुमचीच राहिली. मी फक्त आकडा वाचायचा आणि कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहायचा.

त्या आकड्यांनीच मला तुमचं आजारपण डॉक्टरच्या आधी सांगितलं. साठाचे छप्पन्न झाले, मग बावन्न, मग एकोणपन्नास. साखरेनं तुमची बोटं वाळत चालली होती, अंगठीला दोरा गुंडाळायला लागला होता. पण मुठी चारच. मी एकदा म्हणून पाहिलं, "आत्या, यंदा पाच टाकूया का?" तुम्ही डोळे वटारलेत, "चार म्हंजे चार. इतकी वर्सं चारच टाकल्यात." एवढ्या कमी मिठावर पावसाळ्यात बुरशी धरणार, हे मला कळत होतं. ते तुम्हाला तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. आकडा विचारलात तेव्हा म्हटलं, "साठ." मग तुम्ही हात धुवायला मोरीकडं वळलात आणि मी एक मूठ मीठ परातीत टाकून कालवून घेतलं. तुम्ही येऊन खार चाटलात आणि मान डोलवलीत. लोणचं वर्षभर टिकलं. गल्लीत तुम्ही सांगत फिरलात, "आजून माझा हात चुकत न्हाई. इचारा माझ्या सुनंला, तिच्याकडं काटा हाय." बायका माझ्याकडं बघायच्या आणि मी मान हलवायचे.

अशी तीन वर्षं मी पाचवी मूठ टाकली. चौथ्या वर्षी तुम्ही नव्हता.

त्यानंतर चार वेळा मी यांना हे सांगायला गेले आणि चारही वेळा शब्द गिळले. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, किती समजूतदारपणा केलास, आईचा मान राखलास. मीही स्वतःला तेच सांगत आले. पण परवा लेकीनं ते वाक्य टाकलं आणि माझ्या मनात पहिलं काय आलं ठाऊक आहे? आजीच्या हातची कुठली, माझ्या हातची! लगेच लाज वाटली. मग बसून विचार केला तेव्हा ते खरंच निघालं.

आत्या, तुम्ही मोरीकडं वळायची मी वाट बघायचे. तुमची बोटं वाळताना बघून मला रडू यायचं, ते खोटं नव्हतं. पण मीठ परातीत टाकलं की मला आनंद व्हायचा, चोरून गूळ खाल्ल्यावर होतो तसा. तूट भरून तुमचा मान राखायला माझी पाऊण मूठही पुरली असती. मला हिशोब येत होता. मी प्रत्येक वेळी पूर्ण मूठ भरून टाकली.