खालच्या शेतातलं पाचट

आप्पा,

आईचे कपडे न्यायला घरी आलते. सकाळी तुम्ही पाणी पाजायला गेला आणि तिला लई दम लागला. निपाणीला दवाखान्यात नेलं. आता श्वास नीट चाललाय, घाबरू नका.

डॉक्टर म्हणाले, "धुरातली बारीक काजळी छातीत गेलीया. कुठला धूर?"

आई म्हणाली, "चुलीचा."

आपल्यात चार वर्षं गॅस हाय. काल तुम्ही वरच्या शेतात उसाचं पाचट पेटवलं, हे तिनं सांगितलं न्हाय. मी सांगितलं.

खालच्या शेतातलं पाचट जाळायचं न्हाय. उद्या सकाळी दहाला कुट्टी करायची मशीन येतीया, मी बोलून ठेवलंय. बारीक करून सरीतच पसरा.

सांजच्याला आईला घेऊन येते. तिला काही विचारू नका. "आता जाळणार न्हाय," एवढंच म्हणा.

ब्राह्मी