आबा विरुद्ध भरत

६ एप्रिल, रविवार

किळस आली आज. दळण आणायला गेले, तर सावळेरामच्या हॉटेलात दहा-बारा जण जमलेले आणि विषय काय — आमचे आबा! त्र्याऐंशी सालचे गेणभाऊ आणि आत्ताचा भरत समोरासमोर उभे केले तर कोण जिंकेल? भरत म्हणजे तळेघरचा तो पोरगा, यंदा बॉक्सिंगमध्ये राज्यात पहिला आला. आबा त्या वेळी पलटणीचे चॅम्पियन. आमचं डिंगोरे जुन्नर तालुक्यात, तळेघर आंबेगावात, म्हणजे जुन्नर विरुद्ध आंबेगाव! मग काय, चहावर चहा. आबांचा डावा हात, भरतचे पाय. आबांची बाजरीची भाकरी, भरतची डब्यातली पावडर. सावळेराम यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटावर माइक धरतो, त्यामुळे माणसांबद्दलही तो तसाच बोलतो — मान, खांदा, छाती. बैलांचं एक बरं असतं. घाट तोच राहतो, सेकंद लिहून ठेवलेले असतात, जुन्या जोडीशी नवी जोडी ताडून बघता येते. इथे काय मोजणार? तरी मोजतायत.

आणि या सगळ्यांत पुढे कोण, तर आमचेच हे. रामनाथ. स्वतःच्या बापाचा भाव करत होता. मला बघून आवाज जरा खाली गेला, एवढंच.

७ एप्रिल

ज्या डाव्या हातावरून काल एवढं रण माजलं, त्या हाताने आबांना सकाळी शर्ट घालता आला नाही. मी केव्हाच बटणं काढून चिकटपट्टी शिवलीय, तरी हात आपला बटण शोधत राहतो. चहा मोठ्या स्टीलच्या पेल्यात देते, निम्माच. कपात दिला की मांडीवर सांडलाच. आज दोनदा विचारलं, "सोनी कुटं गेली?" सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. मळ्यात गेल्यात म्हटलं. हल्ली खोटं बोलताना अडखळतही नाही मी.

पुण्याच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, डोक्याला बसलेल्या मारांचं आहे हे. रामनाथ म्हणतो, वय झालं.

९ एप्रिल

आता गावाच्या ग्रुपवर मतदान! आबा १४१, भरत ९७. एकाने लिहिलंय, त्या काळी डोक्याला टोप नसायचा, तरी गडी उभा राहायचा. त्याखाली हात जोडल्याची रांग. अरे, टोप नव्हता म्हणूनच तर हा माणूस आज असा बसलाय!

रामनाथला म्हटलं तेच. तर मला समजावतो — मधे टोप आला होता, आता मोठ्या गड्यांचा पुन्हा काढलाय, भरतही बिनटोपाचाच खेळतो, म्हणजे सामना बरोबरीचा.

बरोबरीचा म्हणे. शिसारी येते.

१२ एप्रिल

कडाक्याचं भांडण. पुढच्या शनिवारी यात्रेत आबांना आणि भरतला आखाड्यात समोरासमोर उभं करायचं ठरलंय. हातात ग्लोव्हज, अंगात झगा, फक्त फोटो. झगा मी शिवायचा. रामनाथने लाल साटन आणून मशीनवर टाकलं. मी म्हटलं, त्यांना गर्दी सोसत नाही, नाही न्यायचं. रामनाथ आधी ओरडला. मग खाली बसला आणि म्हणाला, "मी एकदा बी बगितलं न्हाई गं त्येंना खेळताना. मला कळाय लागलं तवा ते आसंच व्हते. लोकांना दिसू दे की माजा बाप कोन व्हता."

पण लोकांना बाप दाखवायचा म्हणून बापाला खेळणं करायचं का? हे तोंडातच राहिलं.

१५ एप्रिल

झगा शिवला. पाठीवर 'डिंगोऱ्याचा वाघ'. नाही म्हणायची हिंमत नाही, मग सगळा राग मशीनवर. दोन सुया मोडल्या. रामनाथचा राग येतोच, पण स्वतःचा जास्त येतो.

१९ एप्रिल, शनिवार. यात्रा

चार बांबू, दोरखंड आणि शाळेची घंटा. ग्लोव्हज मीच बांधले, कारण आबा दुसऱ्या कुणाच्या हातात हात देत नाहीत. भरत खाली वाकून पाया पडला. सव्वीस वर्षांचा, लाजाळू पोरगा. फोटो झाला. तिथेच संपायचं होतं. पण सावळेरामला माइक हातात आला की चेव चढतो. म्हणाला, जुन्नर-आंबेगावचा निकाल आजच लावू — आणि घंटा वाजवली.

आबा सरळ झाले. खरंच, पाठ ताठ! हनुवटी खाली, उजवा हात गालापाशी, आणि थरथर बंद. पंधरा वर्षांत मी तो हात स्थिर बघितला नव्हता. एक पाऊल पुढे, आणि डावा सरळ भरतच्या कानशिलावर. भरत नुसता बघत राहिला. मग एका गुडघ्यावर बसला.

शिट्ट्या, भंडारा, डीजे. रामनाथ लहान पोरासारखा रडत होता. आणि मी टाळ्या वाजवल्या. निदान इथे तरी खोटं लिहायला नको — वाजवल्या, जोरात.

आबा हात खाली घेईनात. दुसऱ्या घंटेची वाट बघत असावेत. ती वाजवायचं कुणाला सुचलंच नाही. शेवटी मी दोरखंडाखालून आत गेले आणि नाड्या सोडल्या. हात मोकळे झाल्याबरोबर पुन्हा थरथर सुरू. म्हणाले, "सोनीनं बगितलं का?"

बघितलं म्हटलं.

२० एप्रिल

आता नवा वाद. भरत मुद्दाम बसला की खरंच पडला? आंबेगाववाले म्हणतात, म्हाताऱ्याचा मान ठेवला. आमचे म्हणतात, कसला मान, ठोसाच तसा होता. आबांचं मनगट सुजून टम्म झालंय, रात्रभर कण्हत होते. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड!

रामनाथ सकाळपासून तोच व्हिडिओ बघतोय. हळू करून मलाही दाखवला. भरतचा हात वर येतो, पण उशिरा येतो. ठोसा बसून गेल्यावर. मी म्हटलं, मान ठेवायचा होता तर हात वर कशाला करेल? रामनाथ म्हणाला, जाऊ दे, जिंकलो ना आपण.

२१ एप्रिल

मनगटाला हळद. ग्रुप बंद करून ठेवला.

२२ एप्रिल

दुपारी भरत आला. एकटाच, रामनाथ घरात नाही हे बघून. मला वाटलं, आबांची चौकशी करायला आला असेल. चहा दिला. तो आबांच्या हातांकडे बघत बसला होता. मग म्हणाला, "वैनी, आबांचं हे चालू झालं, तवा वय काय व्हतं त्येंचं?"

पस्तीस, मी म्हटलं. सासूबाई सांगायच्या, पलटणीतून पेन्शनीवर आले तेव्हाच बटणं लावता येत नव्हती.

त्याने कप उचलला, आणि निम्मा चहा त्याच्या मांडीवर सांडला. आम्ही दोघांनीही तो बघितला.

मी आत गेले. पुन्हा चहा टाकला आणि मोठ्या स्टीलच्या पेल्यात ओतला. निम्माच.