वीस अंक

१४ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

आशीर्वाद. माझी प्रकृती बरी आहे; गुडघा कुरकुरतो, पण गाडी चालवता येते.

'बाबांनी मला नदीत बुडवून धरलं होतं, ते खरं की माझ्या मनाचे खेळ?' असे तू विचारतोस. तुझ्या डॉक्टरांना शंका आहे, आणि आता तुलाही. तेव्हा या पत्रात मला एवढेच सिद्ध करायचे आहे: ते घडले, एकदा नव्हे, वारंवार घडले, आणि तुला कसलाही भ्रम झालेला नाही.

माझी एकटीची साक्ष अपुरी ठरेल, म्हणून गेल्या मंगळवारी सकाळीच बाबांना गाडीत बसवून जुन्या नदीकाठी नेले. रस्ता सुंदर आहे, हे मान्य केले पाहिजे. दोन्ही बाजूंना लव्हाळे, मध्ये वाळूची बेटे, पुलाखाली हिरवे, संथ पाणी. नव्वदीचे बाबा काच खाली करून खुशीत बसले होते. पहिल्या वळणावर म्हणाले, "इथं तुझ्या आईचा दात पडला."

"पडला नाही, बाबा. तुम्ही पाडलात."

"तेच ते. तर्कशास्त्र शिकवून शिकवून तुझी शब्दांत पकडायची खोड काही जात नाही."

पुढे होड्यांचा धक्का लागला. तिथे त्यांनी आपल्या कुत्र्याला वल्ह्याने मारले होते. मेल्यावरही मारत होते. त्या नदीचे प्रत्येक वळण मी असेच ओळखते.

नदीची पातळी मोजायच्या पायऱ्यांपाशी गाडी थांबवली आणि बाबांना धरून पाण्यापर्यंत उतरवले. तिथल्या दगडावरचा आकडा रोज वहीत टिपणे, ही तेव्हा बाबांची नोकरी. वाचायला ते तुला उतरवत. तू नऊ वर्षांचा, मी चौदाची. आकडा चुकला की ते तुझी मान धरत.

मी विचारले, "धाकट्याला इथंच बुडवायचात ना?"

"बुडवत कुठं होतो? शिकवत होतो. वीस मोजून झाले की काढायचो वर." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आणि मोजायचं कोण गं, बाई?"

पुरावा येथे पूर्ण झाला होता. मी परत फिरायला हवे होते. त्याऐवजी मी त्यांची मानगूट धरली, त्यांना गुडघ्यांवर आणले आणि तोंड पाण्यात दाबले. कातडी सैल, आत हाड टणक. कपाळ पायरीवर आपटून फुटले. पाणी लाल झाले. त्यांच्या नखांनी माझे मनगट फाडले. मी मोठ्याने मोजत होते. सातव्या अंकाला हात सोडला.

पाणी ओकून झाल्यावर ते म्हणाले, "अजूनही सावकाशच मोजतेस."

कपाळाला पाच टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना 'पाय घसरला' असे मी सांगितले नाही; जे केले तेच सांगितले. पुढे काय व्हायचे ते होईल.

तुला हवे होते ते उत्तर वर आले आहे. पण तू न विचारलेले एक उरते. बाबांच्या हाती घड्याळ नसे. ते माझ्या आवाजावर विसंबत, म्हणजे वेग माझ्या हाती होता. वीस अंक मला भराभर म्हणता आले असते. त्यांच्या ते लक्षातही आले नसते. मला मात्र अचूकपणाचा अभिमान होता. एका अंकाला एक पूर्ण श्वास, असे माझे माप होते. तू पाण्याखाली असताना मी वीस वेळा श्वास घेतला.

ही माझी चूक. सहीनिशी कबूल करते.

तुझी ताई