चौथ्या मजल्यावरचं वळण

दि. ९ जानेवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं बरं आहे, बरं आहे म्हणतो अशी तुझी तक्रार, म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे कागद घेऊन बसलोय. नवं घर झकास आहे. भिंतींना अजून रंगाचा वास येतो, आणि स्वयंपाकघरातला नळ आधी खोकतो, मग पाणी देतो. थीम पार्क अगदी लागून आहे असं जाहिरातीत लिहिलं होतं. किती लागून, ते लिहायचं राहिलं असावं. त्यांच्या रोलर कोस्टरचा रूळ बरोबर आमच्या बाल्कनीसमोर वळतो. गाडीतल्या माणसाच्या शर्टाचं बटण तुटलेलं असलं तरी दिसतं. पलीकडे खोट्या बर्फाचा डोंगर आहे, पुढून पांढराशुभ्र. आमच्या वाट्याला त्याची पाठ आलीय, नुसते लोखंडी पाइप आणि कामगारांचे वाळत घातलेले टॉवेल.

काळजी बाबांची वाटते. गेल्या वर्षीच्या झटक्यानंतर त्यांचं बोलणं गेलं ते गेलंच, पण इथे आल्यापासून एक शब्द परत आलाय. बाल्कनीत खुर्ची ठेवली की गाडी वळणावर येताच ते लुळा उजवा हात कसाबसा उचलतात आणि ‘आले’ म्हणून ओरडतात. तिकडे गाडीतले किंचाळतात, इकडे बाबा. दिवसभर हेच. मी मागे उभा राहून त्यांचे खांदे धरतो. आत आणलं तर आणखीच अस्वस्थ होऊन दाराकडे बघत बसतात. तोंड एका बाजूला वाकडं झाल्यामुळे हसू कुठलं आणि रडू कुठलं हेही कळत नाही. ही म्हणते ते घाबरतात. मलाही तसंच वाटतं. काय करावं सुचत नाही.

लोभ आहेच, त्यात थोडा सल्ला मिसळून पाठव.

तुझा,
ठोंब्या


दि. १७ जानेवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुकानात बसून साऱ्या गावाच्या डोळ्यांचे नंबर काढतोस, घर घेताना तुझे डोळे कुठे गेले होते? घरात चोर शिरल्यावर माणूस ओरडेल तसे बाबा ओरडत असणार. जन्मभर मान खाली घालून शिवणाच्या मशीनवर बसलेला माणूस तो. त्याच्या अंगावर दिवसभर गाडी धावून येते, आणि तू खांदे धरून उभा.

आमच्या वकीलसाहेबांच्या कचेरीत बसून मी अर्ज तयार केलाय, तो सोबत आहे. सोसायटीतल्या सगळ्यांच्या सह्या घे. मागणी एकच, वळणाच्या बाजूला उंच भिंत. आजारी वृद्धाचा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात घातलाय, त्याला नाही म्हणायची कोणाची टाप नाही. मी इतक्या लांबून दुसरं काय करणार? बाबांच्या डोक्यावरून हात फिरवता येत नाही, निदान कागद तरी चांगला लिहिते.

सौ.ला आशीर्वाद. माझ्यावर माया करतोसच, आता जरा धाडसही कर.

तुझी,
ताई


दि. २ मे

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

जिंकलो. राखाडी पत्र्याची भिंत उभी राहिली, थेट सहाव्या मजल्यापर्यंत. पार्कवाल्यांनी तुझा पहिला परिच्छेद वाचला आणि मुकाट्यानं काम काढलं. सोसायटीच्या सभेत टाळ्या पडल्या. अशी बहीण प्रत्येकाला असावी, असं चेअरमन म्हणाले. मी मान ताठ करून बसलो, जसा काही अर्ज मीच लिहिला.

आवाज निम्म्यावर आलाय. ही कानातले बोळे काढून घरभर फिरते. बाल्कनीत दुपारीही दिवा लावावा लागतो, पण सगळंच कसं मिळणार. बाबा शांत झालेत. ओरडणं नाही, हात उचलणं नाही. पत्र्याकडे बघत बसतात, नाहीतर झोपतात. जेवण कमी झालंय, ते उन्हाळ्यामुळे असेल.

सगळं श्रेय तुझं. लोभ असाच राहू दे.

तुझा,
ठोंब्या


दि. ३० जून

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं कौतुकाचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला हात धजत नव्हता.

बाबांना व्यायाम देणाऱ्या बाई परवा तपासायला आल्या. त्यांनी उजवा हात उचलून बघितला आणि याचा व्यायाम कोणी बंद केला असं विचारलं. मार्चमध्ये तो खांद्यापर्यंत जात होता, आता मांडीवरून हलत नाही. त्या हाताला आम्ही तर कधी व्यायाम दिलाच नव्हता.

त्याच आठवड्यात पार्कमधली एक मुलगी दुकानात चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आली. मी कुठे राहतो हे कळल्यावर तिनं चौथ्या मजल्यावरच्या आजोबांची चौकशी केली. वळणावर कॅमेरा आहे. तिथे गाडीतल्या लोकांचे फोटो निघतात आणि ती मुलगी ते बाहेर विकते. प्रत्येक फोटोत मागे बाबा. गाडीतले दोन्ही हात वर करायचे, बाबा एक. नेहमीची मंडळी आजोबांना हात करायला मिळावा म्हणून आमच्या बाजूची जागा मागून घ्यायची. दुसऱ्या दिवशी तिनं एक फोटो आणून दिला. ताई, तोंड वाकडं असलं तरी कळतं. बाबा पोट धरून हसावं तसे हसताहेत. आणि त्यांच्यामागे मी, चेहरा पाडून, खांदे धरून उभा.

चेअरमनकडे गेलो, त्यांनी मला बसवून पाणी पाजलं. पार्कवाले म्हणतात, भिंत तुमच्याच अर्जावर बांधली, काढायची तर पुन्हा सगळ्यांच्या सह्या आणा. सारी इमारत फिरलो. एक सही मिळाली, हिची.

लोभ ठेव म्हणायलाही आज लाज वाटते.

तुझा,
ठोंब्या


दि. ८ जुलै

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

लहानपणी आपण बाबांच्या शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत अभ्यास करायचो. पायरीवर गिऱ्हाईक चढलं की बाबा मशीन न थांबवता आत आवाज द्यायचे, ‘आले’. की आई टेप घेऊन बाहेर. दिवसातून इतक्यांदा ऐकलं की आपल्याला ते ऐकू येईनासंच झालं होतं. काल रात्री भांडी घासताना एकदम आठवलं. आणि मी तुला लिहिलं, चोर शिरल्यासारखे ओरडतात म्हणून.

अर्ज करायला मला येतो, मागे घ्यायला येत नाही. वकीलसाहेबांना विचारलं, त्यांनाही येत नाही. बाबांना इकडे आणावं तर एवढ्या प्रवासाला डॉक्टर नाही म्हणतात. तूच काहीतरी कर रे. काय कर, ते मलाही सांगता येत नाही.

माझ्यावर रागावू नकोस, आणि रागावलास तरी पत्र टाक.

तुझी,
ताई


दि. २१ जुलै

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावू कशाला? अर्ज तुझा, पाय माझेच झिजले.

काल दुकान बंद होतं. हिला बाबांची खुर्ची बाल्कनीत ठेवायला सांगितलं आणि तिकीट काढून मी गाडीत बसलो. मला शिडीवर चढलं तरी घेरी येते, हे तुला माहीत आहे. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवायला लावला. शेजारच्या दोन कॉलेजच्या मुलींनी काकांना धीर दिला. वळण आलं तसे दोन्ही हात वर केले आणि बाबा, बाबा म्हणून ओरडलो. सगळेच ओरडत होते, त्यात माझं काय ऐकू जाणार. समोर नुसता राखाडी पत्रा, आणि तोही लगेच मागे पडला. उतरलो, पुन्हा रांगेत उभा राहिलो. घसा बसेपर्यंत तेच केलं.

घरी आलो तर ही दारातच उभी, चेहरा फुललेला. बाबा बोलले म्हणाली. माझ्या पायातले बूट तसेच राहिले. ‘आले’ म्हणाले का, असं मी विचारलं. तर म्हणाली नाही, नवीनच शब्द आहे. गाडी पत्र्यामागून धडधडत गेली की बाबा मान खाली घालत होते आणि म्हणत होते, ‘गेले’.

हिला वाटतं सुधारणा आहे. मी हो म्हटलं.

तुझा लोभ आहे, एवढंच आहे.

तुझा,
ठोंब्या