भिंतीचं पोट

धर्मापुरी, भाद्रपद शुद्ध दशमी, सांजेला

निघालो होतो दिंद्रुडच्या बाजाराला, आणि बसलोय जिच्याकडं वाटेत मुक्कामाला उतरलो त्या गोदामावशीच्या शेतात भिंत बांधत! तिच्या उताराची माती दर पावसात ओढ्यात जाते, म्हणून करीमचाचा मिस्त्रीनं तारेच्या जाळीच्या पेट्या विणल्या. त्यात दगड हातानं रचायचे होते. पण काल मदतीला आलेल्या गावकऱ्यांनी कणगीत ज्वारी ओतावी तशा टोपल्या वरून ओतल्या, अन् मधल्या पेटीला हे एवढं पोट सुटलं.

"भिंतीला सातवा लागला बे!" पोरं खिदळली. चाचा जेवलाच नाही. मावशीचं तोंड उतरलं. रब्बीची पेरणी जवळ आलेली.

त्यात रात्रभर पावसानं लई झोडपलं. ते पोट फुटलं तर? शेत ना माझं, ना भिंत. मला कशापायी एवढा घोर?

सकाळी पळतच गेलो. पोट तसंच! फटींतून पाणी झिरपत होतं आणि माती मागंच अडलेली.

मावशी खण-नारळ घेऊन आली, आणि चक्क त्या पोटाची ओटी भरली.

"मावशी, हे काय?"

"पोटुशी हाय न्हवं ती! ज्वारी आली की बारसं. तू बी थांब."

चाचा हसून हसून खालीच बसला.

बारसं म्हणजे पार माघात. इतका मी भटक्या कुठंच थांबलेलो नाही. पण दिंद्रुड काय पळून जातंय?